साबुदाणा ज्या कंदापासून बनतो, तो गाईला खाऊ घातला तर? फायदा किती, धोका कुठे?

२०२३ हे वर्ष संपता संपता केरळच्या इडुक्की जिल्ह्यात एका शेतकरी कुटुंबाच्या गोठ्यातली १३ जनावरं एकामागोमाग एक दगावली. साप नव्हता, साथ नव्हती, कीटकनाशकही नव्हतं. जनावरांनी खाल्ली होती कसाव्याची साल. तोच कसावा, ज्याच्या स्टार्चपासून आपला उपवासाचा साबुदाणा तयार होतो.

आता याच कंदाची दुसरी बाजू. थायलंडमधले हजारो छोटे दूध उत्पादक कसाव्याच्या वाळवलेल्या चकत्या रोजच्या खुराकात घालतात. तिथे गाईच्या खुराकातला ऊर्जेचा मुख्य भाग अनेकदा मका नसून कसावाच असतो.

एकच झाड. एका गोठ्यात त्याने जनावरं मारली, दुसऱ्या गोठ्यात तो दूध देतोय. हा फरक कशामुळे पडतो? कसावा आणि रताळ्यासारखे कंद मक्याची जागा घेऊ शकतात का? आणि महाराष्ट्रातल्या दूध उत्पादकाला ते परवडेल का? सोप्या भाषेत समजून घेऊया.

कसावा म्हणजे नेमकं काय?

कसावा, टॅपिओका, साबुकंद ही एकाच पिकाची नावं. मूळ दक्षिण अमेरिकेतलं. पोर्तुगीजांनी ते आधी आफ्रिकेत नेलं आणि पुढे भारताच्या किनाऱ्यावर आणलं. केरळमध्ये या पिकाला राजाश्रय मिळाला तो १८८० च्या दशकात, त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांच्या काळात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला तेव्हा तिथल्या गरिबांची चूल याच कंदावर पेटली.

आज जगात दरवर्षी ३० कोटी टनांहून जास्त कसावा पिकतो. पहिला क्रमांक नायजेरियाचा. भारतात हे पीक मुख्यतः तमिळनाडू आणि केरळमध्ये आहे. त्यावर संशोधन करणारी केंद्रीय कंद पीक संशोधन संस्था १९६३ पासून तिरुवनंतपुरममध्ये काम करते.

या पिकाचं वैशिष्ट्य म्हणजे ते हलक्या जमिनीत आणि कमी पावसातही तग धरतं. भारतात त्याचं सरासरी उत्पादन हेक्टरी ३० टनांच्या वर जातं. कंद वाळवल्यावर त्याचे साधारण १२ टन चकत्या होतात. मक्याचं भारतातलं सरासरी उत्पादन हेक्टरी ३ ते ३.५ टन आहे. अर्थात मका चार महिन्यांत घरी येतो, कसाव्याला आठ ते दहा महिने लागतात. शिवाय कंद उपटणं, चिरणं आणि वाळवणं यात मजुरी जाते. तरीही एका हेक्टरातून मिळणारी ऊर्जा पाहिली, तर पशुखाद्याचा विचार करणाऱ्यांचं लक्ष या कंदाकडे का जातं ते कळतं.

गाईला ऊर्जेचा वेगळा खुराक कशाला?

दूध देणाऱ्या गाईला चार गोष्टी लागतात: चारा, ऊर्जा, प्रथिनं आणि खनिजं. कडबा आणि हिरव्या वैरणीवर गाय जगते, थोडंफार दूधही देते. पण दिवसाला १५-२० लिटर देणाऱ्या संकरित गाईला तेवढी ऊर्जा नुसत्या चाऱ्यातून मिळत नाही. पोटात जागाच उरत नाही. म्हणून कमी जागेत जास्त ऊर्जा देणारा खुराक लागतो. आपल्याकडे हे काम मक्याची भरड, गव्हाचा कोंडा, गोळी पेंड अशा गोष्टी करतात. सरकी पेंड आणि सोयाबीन पेंड यांचं मुख्य काम प्रथिनं पुरवण्याचं.

ऊर्जा कमी पडली की व्यायल्यानंतर गाय अंगावरची चरबी जाळून दूध देते. ती खंगते, माजावर उशिरा येते आणि पुढचं वेत लांबतं.

दूध उत्पादनाच्या खर्चातला साधारण ६० ते ७० टक्के भाग खाद्यावर जातो, त्यामुळे मक्याचा भाव हलला की गोठ्याचं गणितही हलतं. २०२३-२४ पासून इथेनॉलसाठी मक्याची मागणी एकदम वाढली. एरवी कोंबड्या आणि जनावरं हे मक्याचे मोठे गिऱ्हाईक, त्यात आता इंधनाचा कारखानाही आला. पर्याय शोधण्यामागचं खरं कारण हे आहे.

मका आणि कंद: फरक कुठे?

पाणी बाजूला काढून, म्हणजे कोरड्या वजनावर तुलना केली तर चित्र असं दिसतं:

• स्टार्च: कसाव्यात साधारण ७० ते ८५ टक्के, मक्यात ७० टक्क्यांच्या आसपास.
• ऊर्जा: कसाव्यात मक्यापेक्षा थोडी कमी, साधारण नव्वद टक्के.
• प्रथिनं: मक्यात ८ ते १० टक्के, कसाव्यात जेमतेम २ ते ३ टक्के. रताळ्यात ५ टक्क्यांच्या आसपास.
• पाणी: ताज्या कसाव्यात ६० ते ६५ टक्के, ताज्या रताळ्यात ७० टक्के. बाजारातल्या वाळलेल्या मक्यात १२ ते १४ टक्के.

यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली, ताजा कंद आणि मका यांची किलोला किलो तुलना करायची नाही. एक किलो वाळलेल्या चकत्यांसाठी अडीच किलो ताजा कसावा लागतो. ‘कंद मक्याच्या निम्म्या भावात मिळतोय’ असं कुणी सांगितलं, तर तो प्रत्यक्षात मक्यापेक्षा महाग पडतोय हे या एका आकड्यावरून समजतं.

दुसरी, कसावा ऊर्जा देतो आणि जवळपास फक्त ऊर्जाच देतो. एक किलो मक्यातून गाईला सुमारे ९० ग्रॅम प्रथिनं मिळतात, एक किलो कसावा चकत्यांतून २५ ग्रॅम. म्हणजे मका काढून कसावा घातला की प्रत्येक किलोमागे ६५ ग्रॅम प्रथिनं कमी झाली. ती भरून काढली नाहीत तर दूध घटतं आणि दोष कंदाला दिला जातो.

यावर सोपा हिशेब आहे. ८५० ग्रॅम कसावा चकत्या आणि १५० ग्रॅम सोयाबीन पेंड एकत्र केली की प्रथिनं पुन्हा ९० ग्रॅमच्या जवळ येतात. म्हणजे मक्याची बरोबरी कसावा आणि पेंड मिळूनच होते.

कोठीपोटात काय घडतं?

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यातलं सर्वांत मोठं कोठीपोट म्हणजे आंबवण्याची टाकीच. तिथले कोट्यवधी जिवाणू चारा आणि खुराक आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर गाय जगते आणि तिचं दूध बनतं. हेच जिवाणू पुढच्या कप्प्यांत गेल्यावर स्वतःच गाईसाठी प्रथिनं ठरतात.

कसाव्याचा स्टार्च कोठीपोटात मक्यापेक्षा लवकर फुटतो. ही त्याची ताकदही आहे आणि अडचणही.

ताकद अशी की जिवाणूंना झटपट ऊर्जा मिळते. त्याच वेळी त्यांना नत्र मिळालं, तर ते वेगाने वाढतात आणि गाईला जास्त प्रथिनं पुरवतात. म्हणूनच थायलंडमध्ये कसाव्याबरोबर मोजून युरिया देण्यावर बरंच काम झालं. मात्र युरियाचं प्रमाण चुकलं तर तोही विषच आहे. एकूण खुराकाच्या १ टक्क्याच्या आत, नीट मिसळून आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच तो वापरतात. लहान वासरांना तो देत नाहीत.

अडचण अशी की एकदम भरपूर कसावा घातला, तर कोठीपोटात आम्ल साचतं. गाय रवंथ कमी करते, शेण पातळ होतं, खाणं सुटतं. हेच आम्लधर्मी अपचन. त्याचा परिणाम दुधाच्या फॅटवर दिसतो. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्याखाली गेलं की पैसे कापले जातात. म्हणजे खाद्यात वाचवलेला रुपया संकलन केंद्रावर जाऊ शकतो.

हे टाळण्यासाठी कडबा किंवा लांब चारा पुरेसा हवा आणि खुराक दिवसातून दोन-तीन वेळा विभागून द्यायला हवा. कसाव्याचं प्रमाण दोन ते तीन आठवड्यांत हळूहळू वाढवायचं. जिवाणूंना नव्या खाद्याची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच.

मग विष कुठून आलं?

कसाव्याच्या सालीत, पानांत आणि गरात लिनामारिन नावाचा पदार्थ असतो. तो तसाच पडून असतो तोवर फारसं काही होत नाही. पण कंद चिरला, ठेचला किंवा चावला की झाडातलंच एक विकर लिनामारिनला भिडतं आणि त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो. किडी आणि उंदीर यांच्यापासून बचाव करण्याची ही झाडाची सोय आहे.

कसाव्याच्या ‘गोड’ आणि ‘कडू’ अशा दोन प्रकारच्या जाती असतात. गोड जातीच्या ताज्या कंदात किलोमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी सायनाइड तयार होऊ शकतं, कडू जातीत १०० च्या वर. सालीत हे प्रमाण गरापेक्षा बरंच जास्त असतं, कडू जातीच्या सालीत किलोमागे काही शे मिलिग्रॅमपर्यंत.

आता गाईचं वजन धरा ४०० किलो. झटक्यात पोटात गेलं तर वजनाच्या प्रत्येक किलोला साधारण २ मिलिग्रॅम सायनाइड जीव घ्यायला पुरतं, म्हणजे सुमारे ८०० मिलिग्रॅम. कडू जातीची दोन-तीन किलो ताजी साल एवढं काम करू शकते. आणि गव्हाणीत टाकायला साल तर बादलीभर असते.

इथे गाईची रचनाच तिच्या विरोधात जाते. माणसाच्या पोटातलं आम्ल हे विकर बऱ्याच अंशी थांबवतं. गाईच्या कोठीपोटात मात्र आम्ल सौम्य असतं आणि जिवाणू स्वतःच लिनामारिन फोडतात. म्हणून रवंथ करणाऱ्या जनावरांना ही विषबाधा लवकर होते.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना हा प्रकार अनोळखी नाही. ज्वारीचे कोवळे पोंगे किंवा पावसाचा ताण बसलेले फुटवे खाऊन जनावरं दगावतात, त्यामागेही सायनाइडच असतं. पीक वेगळं, विष तेच.

विष काढतात कसं?

हायड्रोजन सायनाइड साधारण २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. म्हणजे तो एकदा मोकळा झाला की उन्हात, वाऱ्यावर उडून जातो. सगळं कौशल्य त्याला आधी मोकळं करण्यात आहे.

चिरून उन्हात वाळवणं ही सर्वांत प्रचलित पद्धत. कंद धुऊन, शक्यतो सोलून, पातळ चकत्या करतात. सिमेंटच्या खळ्यावर पातळ थर देऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवतात आणि अधूनमधून उलथतात. विकराला काम करायला थोडा वेळ मिळतो, सायनाइड उडतं, पाणीही जातं. चकती हातात घेऊन मोडली तर कट्कन तुटली पाहिजे. ती वाकली तर अजून ओल आहे.

किसणं आणि दाबणं ही पद्धत जास्त परिणामकारक आहे. किसल्यामुळे पेशी फुटतात आणि विकर सगळीकडे पोहोचतं. मग दाबून पाणी काढलं की त्यासोबत विषही निघून जातं. नायजेरियात इबादानच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थांनी कसाव्याच्या सालीसाठी हेच तंत्र बसवलं. साल किसायची, दाबायची, चाळायची, वाळवायची. तिथे ढीग लागून कुजणारी साल आता पशुखाद्य म्हणून विकली जाते. म्हणजे इडुक्कीत जीव घेणारी वस्तू नीट प्रक्रिया केली तर खाद्य ठरते.

मुरघास हा तिसरा मार्ग. तुकडे करून, दाबून, हवाबंद ठेवले तर काही आठवड्यांत आंबण्याच्या क्रियेत सायनाइड बरंच कमी होतं. पावसाळी भागात वाळवणं जमत नाही तेव्हा हा पर्याय कामाला येतो.

नुसते कंद शिजवले तर? मोठे तुकडे थेट उकळत्या पाण्यात टाकले की विकर आधीच मरतं आणि लिनामारिन आतच राहतं. म्हणून बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यावं लागतं. ते पाणी जनावरांना पाजायचं नाही.

युरोपीय संघाने पशुखाद्यातल्या कसाव्यासाठी किलोमागे १०० मिलिग्रॅम सायनाइडची कमाल मर्यादा घातली आहे. माणसांच्या खाण्यातल्या कसावा पिठासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा १० मिलिग्रॅम आहे.

थोड्या प्रमाणातलं सायनाइड गाईचं यकृत स्वतः निकामी करतं. त्यासाठी त्याला गंधक लागतं. थायलंडमधल्या खोन केन विद्यापीठात मेथा वनपत आणि सहकाऱ्यांनी कसाव्याबरोबर गंधक देण्याचे प्रयोग केले ते याच कारणासाठी. पण गंधक घातलं म्हणून ओला कडू कंद मनसोक्त घालावा, असा त्याचा अर्थ होत नाही.

दुसरा धोका: बुरशी

कसावा उपटल्यावर दोन-तीन दिवसांतच काळा पडू लागतो. म्हणून तो लगेच चिरून वाळवावा लागतो. वाळवताना पाऊस आला किंवा ओलसर चकत्या पोत्यात भरल्या, तर बुरशी धरते. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन बनवतात. गाईने ते खाल्लं की त्याचं एक रूप दुधात उतरतं. दूध तापवल्याने ते जात नाही. भारतात दुधासाठी त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे गोठ्यातल्या पोत्याची ओल शेवटी दूध पिणाऱ्यापर्यंत पोहोचते. बुरशीचा वास येणारी किंवा हिरवट-काळे डाग पडलेली चकती जनावराला घालायची नाही, ती मक्यात मिसळून ‘खपवायची’ तर नाहीच.

किती घालायचं?

सुरुवात करणाऱ्याने एकूण खुराकाच्या २० ते ३० टक्क्यांपर्यंत वाळलेल्या चकत्यांची भरड धरावी. म्हणजे दिवसाला ६ किलो खुराक खाणाऱ्या गाईला साधारण दीड किलो. थायलंडच्या प्रयोगांत निम्म्याहून जास्त खुराक कसाव्याचा ठेवूनही गाई चांगल्या राहिल्या. पण तिथे प्रथिनं, युरिया, गंधक आणि चारा यांचा हिशेब मोजूनमापून जुळवलेला होता.

एक किलो वाळलेल्या चकत्यांतून मिळणारी ऊर्जा कागदावर साधारण दोन लिटर दुधाला पुरेशी आहे. मग कसाव्याने दूध वाढतं का? मक्याच्या जागी घातला आणि प्रथिनांचा हिशेब जुळवला, तर दूध साधारण तेवढंच राहतं. फायदा झालाच तर तो खर्चात होतो. ‘हा कंद घाला आणि दूध दुप्पट करा’ असा व्हिडिओ दिसला तर पुढे सरका.

खनिज मिश्रण मात्र थांबवायचं नाही. कसाव्यात कॅल्शियम कमी असतं. पिवळ्या मक्यातून मिळणारं कॅरोटिनही पांढऱ्या कसाव्यात नसतं, त्यामुळे हिरवी वैरण लागतेच. चकत्यांची अगदी बारीक भुकटी करू नये, ती नाकातोंडात जाते. भरड ठेवावी आणि थोडी मळी किंवा पाणी शिंपडून मिसळावी.

थायलंडने हे कसं जमवलं?

गंमत म्हणजे थायलंडचा कसावा आधी स्वतःच्या गाईंसाठी नव्हताच. तो युरोपच्या जनावरांसाठी होता.

१९६२ नंतर युरोपात सामाईक शेती धोरण आलं आणि तिथल्या धान्याचे भाव मुद्दाम चढे ठेवले गेले. बाहेरच्या मक्यावर भरपूर कर लागायचा, कसाव्यावर मात्र फक्त ६ टक्के. नेदरलँड्समधल्या खाद्य कारखान्यांनी हिशेब केला. थायलंडचा कसावा आणि अमेरिकेचं सोयाबीन एकत्र केलं की धान्यापेक्षा स्वस्त खाद्य तयार होतं. वर पाहिलेला ‘कसावा अधिक पेंड’ हाच तो हिशेब. कसावा जहाजं भरभरून रॉटरडॅमला जाऊ लागला.

युरोपातल्या धान्य उत्पादकांनी तक्रार केली. १९८२ मध्ये थायलंडने वर्षाला ५० लाख टनांच्या आसपास मर्यादा मान्य केली. १९९२ च्या सुधारणांनंतर युरोपात धान्य स्वस्त झालं आणि कसाव्याचा भाव पडला. थायलंडचा माल मग स्टार्चकडे आणि चीनकडे वळला. पण लागवड, खळी, चिरण्याची यंत्रं आणि व्यापारी हे सगळं तयार होतं. त्याचा उपयोग तिथल्या दूध धंद्याला झाला.

थायलंडचा आधुनिक दूध धंदाही नवाच. डेन्मार्कच्या मदतीने साराबुरी प्रांतात मुआक लेक इथे १९६२ मध्ये पहिलं मोठं डेअरी फार्म सुरू झालं. शेजारचा नाखोन रात्चासिमा हा कसाव्याचा सर्वांत मोठा प्रांत. म्हणजे गाई आणि कंद एकमेकांच्या शेजारी. कंद ताजा असताना त्याचं दोन तृतीयांश वजन पाण्याचं असतं. तो दूर नेणं म्हणजे ट्रकभर पाणी वाहून नेणं. थायलंडला ते करावं लागलं नाही.

तिथल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट केली. कसाव्याचं झाड तीन-चार महिन्यांचं असताना शेंड्यासकट कापून उन्हात वाळवलं. या ‘कसावा हे’मध्ये २० ते २५ टक्के प्रथिनं असतात. कंदात नसलेलं प्रथिन त्याच झाडाच्या पाल्यातून मिळालं. इथेही अट तीच, वाळवल्याशिवाय घालायचं नाही.

रताळ्याचं काय?

महाराष्ट्राला जवळचा कंद म्हणजे रताळं. आषाढी एकादशी आणि महाशिवरात्रीला त्याला भाव असतो. सण संपला की बारीक, तुटका, कीड लागलेला माल उरतो. रताळ्यात सायनाइडची भीती नाही. ऊर्जा चांगली, चव गोड, गाई आवडीने खातात. रताळ्याचा वेल तर कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात वैरण म्हणून घालतातच, आणि त्यात कंदापेक्षा जास्त प्रथिनं असतात.

पण दोन गोष्टी जपायच्या. एक, अख्खं किंवा लिंबाएवढं रताळं गाईच्या घशात अडकू शकतं. ते अडकलं की पोट फुगतं आणि जीव जाऊ शकतो. म्हणून नेहमी चिरून घालायचं. दोन, बुरशी लागलेलं, काळं पडलेलं रताळं अजिबात नाही. काही बुरशींमुळे रताळं स्वतःच असा पदार्थ बनवतं, जो गाईच्या फुप्फुसांवर हल्ला करतो. जनावर धापा टाकत मरतं आणि त्यावर खात्रीचा उपाय नाही. ‘फेकण्यापेक्षा गाईला घालू’ हा विचार इथे महागात पडतो.

सुरण आणि अळूचे कंद कच्चे असताना खाजरे असतात, कारण त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. शिजवल्याशिवाय ते जनावरांनाही नकोत. खाद्य म्हणून त्यांचा हिशेब सहसा बसत नाही.

महाराष्ट्रात परवडेल का?

महाराष्ट्रात कसाव्याची व्यावसायिक लागवड फारशी नाही. जवळचा मोठा पट्टा तमिळनाडूतल्या सेलमचा. तिथे साबुदाणा आणि स्टार्चचे कारखाने आहेत. १९८१ मध्ये सुरू झालेली ‘सागोसर्व्ह’ ही सहकारी संस्था तिथलीच. सेलमच्या साबुदाण्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्र हे या साबुदाण्याचं मोठं गिऱ्हाईक.

स्टार्च काढल्यावर जो चोथा उरतो त्याला तिथे ‘थिप्पी’ म्हणतात. त्यातही बराच स्टार्च शिल्लक असतो. ती वाळवून पशुखाद्यात जाते. म्हणजे एका अर्थाने आपली साबुदाण्याची खिचडी आणि तमिळनाडूतल्या गाईचा खुराक एकाच कंदातून येतात.

परवडतं का, याचा हिशेब करण्यासाठी एक सूत्र पुरेसं आहे. मक्याच्या किलोच्या भावातून १५० ग्रॅम सोयाबीन पेंडीची किंमत वजा करा आणि उत्तराला ०.८५ ने भागा. वाळलेल्या कसाव्याला याहून जास्त भाव द्यायचा नाही.

समजा मका २४ रुपये आणि सोयाबीन पेंड ४० रुपये किलो आहे. १५० ग्रॅम पेंडीचे ६ रुपये. २४ मधून ६ गेले, राहिले १८. त्याला ०.८५ ने भागलं की येतात साधारण २१ रुपये. ओला कंद ६ रुपयांनी मिळाला, तर किलोभर चकत्यांना १५ रुपयांचा कंद लागला. चिरणं, वाळवणं, वाहतूक मिळून ४-५ रुपये धरले तरी थोडी बचत होते. ओला कंद ८ रुपयांवर गेला, तर नुसत्या कंदाचेच २० रुपये झाले. मग मका बरा. शिवाय ऊर्जा थोडी कमी असल्याने प्रत्यक्षातला भाव २१ रुपयांच्याही जरा खाली हवा.

त्यामुळे ट्रकने ओला कंद आणून गाईंना घालणं महाराष्ट्रात बसत नाही. वाळलेल्या चकत्या किंवा थिप्पी स्वस्त मिळाली, किंवा शेजारच्या शेतातला न विकला गेलेला चांगला रताळ्याचा माल मिळाला, तर विचार करता येतो. त्यातही पोत्यामागे ओल, बुरशी आणि माती तपासूनच.

विषबाधा झाली तर?

कसाव्याची ताजी साल किंवा पाला खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत लक्षणं दिसतात. जनावर जोरात श्वास घेतं, तोंडातून लाळ गळते, पाय लटपटतात, ते खाली बसतं आणि झटके येतात. डोळ्यांच्या आतला भाग आणि हिरड्या लालभडक दिसतात, कारण रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही.

अशा वेळी उरलेलं खाद्य लगेच बाजूला करायचं आणि बाकीच्या जनावरांना तिथून हलवायचं. जनावरांच्या डॉक्टरांना फोन करताना ‘कसावा खाल्लाय’ हे आधी सांगायचं. पशुवैद्यकीय मदतीचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही औषधं शिरेतून दिली जातात आणि वेळेत मिळाली तर जनावर वाचू शकतं. लटपटणाऱ्या जनावराला तोंडाने काढा, ताक किंवा तेल पाजू नये. ते फुप्फुसात जाऊन दुसरंच संकट उभं राहतं.

थोडक्यात

• कसावा आणि रताळं गाईला मक्याच्या तोडीची ऊर्जा देऊ शकतात, पण प्रथिनं देत नाहीत. सोबत पेंड हवीच.
• ताजा कसावा, त्याची साल आणि पाला थेट गव्हाणीत टाकायचा नाही. चिरून, कडक वाळवून किंवा मुरघास करूनच घालायचा.
• बुरशी लागलेला कोणताही कंद जनावराला नाही.
• सुरुवात थोडक्यात, वाढ दोन-तीन आठवड्यांत, चारा भरपूर.
• अडीच किलो ओला कसावा म्हणजे एक किलो वाळलेला. भाव ठरवताना हा आकडा आधी धरायचा.
• मक्याचा भाव, पेंडीचा भाव आणि कंदाचं अंतर या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच हा पर्याय नफ्याचा. खुराक बदलण्याआधी जवळच्या पशुवैद्यकाशी किंवा कृषी विज्ञान केंद्राशी बोलून घ्यावं.